बाजारात विकला गेलेला मलिक अंबर

रमजानचा रोजा कुणी जाणूनबुजून मोडला तर त्याचा कफ्फारा काय, हे मशिदीत दरवर्षी सांगितले जाते. सलग साठ रोजे ठेवा, ते जमत नसेल तर साठ गरिबांना जेवू घाला. पण किताबांत या दोन्हींच्या आधी आणखी एक मार्ग लिहिलेला आहे: एक गुलाम आजाद करा. तो आता सांगितला जात नाही, कारण आजाद करायला गुलामच उरलेले नाहीत. जकातीचे पैसे कुणाकुणाला द्यावेत याचे आठ हक्कदार कुराणात सांगितले आहेत, त्यांतही मान सोडवण्यासाठी, म्हणजे गुलामांच्या सुटकेसाठी, एक वाटा आहे. हजरत बिलाल हबशींना हजरत अबूबक्र यांनी विकत घेऊन मुक्त केले, ही गोष्ट आपल्या घरातली मुलेही सांगतात. पण बिलाल यांच्याच मुलखातून पळवून आणलेला, बाजारात उभा करून विकलेला एक माणूस आपल्या दख्खनचा कारभारी झाला आणि सोलापूरच्या किल्ल्यावर त्याचे निशाण लागले, हे किती जणांना ठाऊक असते?

मलिक अंबर हे नाव ऐकलेले असते. पाठ्यपुस्तकात गनिमी कावा आणि जमीन महसूल एवढ्या दोन ओळींत तो आटोपतो. त्याच्या आयुष्याचा पहिला भाग, जो त्याने दुसऱ्याच्या मालकीची वस्तू म्हणून काढला, तो पुस्तकात नसतो. तोच आज सांगायचा आहे.

सुमारे १५४८ साली हबशाच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात, त्याचा जन्म झाला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. तो काळ त्या मुलखात मोठ्या धामधुमीचा होता. ख्रिस्ती राजे आणि मुस्लिम सुलतान यांच्यातली दीर्घ लढाई नुकतीच संपली होती आणि दोन्हीकडचे व्यापारी आतल्या डोंगराळ भागातली माणसे पकडून किनाऱ्यावर आणत होते. मुसलमानाला गुलाम करता येत नाही असा शरियतचा दंडक. त्यातून पळवाट अशी काढली गेली की जे ना मुसलमान ना ख्रिस्ती, अशा टोळ्यांची पोरे उचलायची. दंडक पाळला गेला आणि धंदाही चालला. आपल्या इतिहासातले हे पान झाकून ठेवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

चापूला टोळीवाल्यांनी पळवले की उपासमारीला कंटाळून घरच्यांनीच विकले, दोन्ही प्रकारे सांगितले जाते. लाल समुद्राच्या पलीकडे, येमेनच्या मोखा बंदरात तो विकला गेला. किंमत ८० डच गिल्डर. ही किंमत आणि चापू हे नाव आपल्यापर्यंत पोहोचले ते पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्यामुळे. तो १६१७ मध्ये सुरतेकडून मछलीपट्टणला जमिनीवरून निघाला होता. वाटेत मलिक अंबरच्या छावणीत त्याची भेट झाली आणि त्याने ऐकलेले आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. उंच, धिप्पाड, करारी चेहऱ्याचा माणूस असे त्याने वर्णन केले आहे. व्यापाऱ्याची वही ती, तेव्हा माणसाची किंमत तिच्यात आलीच.

ही पोरे आणण्याच्या बदल्यात हबशात काय जात होते? हिंदुस्थानी सुती कापड. तिथल्या सरदारांना, दरबारी लोकांना आपल्याकडचे कापड हवे असायचे. गुजरात आणि दख्खनच्या बंदरांतून गठ्ठे जात आणि परतीच्या गलबतांत सोने, हस्तिदंत आणि माणसे येत. मागावर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या सोलापूरकरांनी हे वाक्य जरा थांबून वाचावे. विणकराचा यात काही दोष नाही, त्याला आपले कापड कुठे जाते हे कळतही नव्हते. पण एका टोकाला धोतराचे पान होते आणि दुसऱ्या टोकाला आईच्या कडेवरून ओढलेले पोर होते.

मोखाहून तो बगदादला गेला. तिथे मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. पोरगा हुशार आहे हे त्याच्या लक्षात आले. त्याने त्याला इस्लामची दीक्षा दिली, लिहायला वाचायला शिकवले, हिशेब आणि कारभार शिकवला आणि नवे नाव दिले: अंबर. गुलामांची नावे ठेवण्याची तेव्हा एक रीत होती. अत्तरे, सुगंधी द्रव्ये आणि रत्ने यांची नावे त्यांना मिळत. अंबर, काफूर, संदल, याकूत, मरजान. ऐकायला गोड. पण ज्या वस्तू पेटीत ठेवतात आणि विकतात त्यांचीच ती नावे, हेही विसरता येत नाही. बापाचे नाव, टोळीचे नाव या नव्या नावात कुठेच शिल्लक राहत नसे. चापू तिथे संपला.

अरबीत मीम, लाम, काफ या तीन अक्षरांचे एक मूळ आहे. त्यातून मालिक निघतो, म्हणजे धनी. त्यातूनच मुल्क निघतो, म्हणजे राज्य. त्यातून मलिक, म्हणजे राजा किंवा सरदार. आणि त्यातूनच मम्लूक, म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी आहे असा गुलाम. वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिताना मला दरवेळी अंबरच आठवतो. या एका मुळाची सगळी रूपे एकाच जन्मात भोगलेला माणूस दुसरा लवकर सापडायचा नाही.

१५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याला दख्खनला आणून पुन्हा विकण्यात आले. विकत घेणारा होता अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चेंगीज खान. गंमत अशी की चेंगीज खान स्वतः हबशी होता आणि स्वतः कधीकाळी गुलाम होता. त्याच्याकडे असे सुमारे १००० हबशी गुलाम होते. दख्खनच्या सुलतानांना आणि सरदारांना हे गुलाम का हवे असत, हे समजून घेतले पाहिजे. दरबारात दोन तट होते. एकीकडे इराण आणि मध्य आशियातून आलेले आफाकी, दुसरीकडे इथलेच झालेले दख्खनी. दोघांचेही भाऊबंद, जावई, मेहुणे दरबारभर पसरलेले. अशा वेळी ज्याला ना भाऊ ना भाचा, ज्याचे जगात मालकाशिवाय कुणीही नाही, असा शिपाई सोन्याच्या मोलाचा. पोराला घरापासून तोडल्याची जी क्रूरता, तीच मालकाच्या दृष्टीने त्याची पात्रता ठरली.

चेंगीज खानाच्या पदरी अंबर दरबार शिकला. दख्खनी शिकला. राज्य कसे चालते, मनसुबे कसे रचले जातात आणि निष्ठावान माणसाचेही काय होते ते त्याने जवळून पाहिले. कारण १५७५ च्या सुमारास चेंगीज खान आपल्याच सुलतानाच्या संशयाला बळी पडला आणि विषाने मेला. त्याच्या विधवेने अंबरला आजाद केले. तेव्हा तो सत्ताविशीच्या आसपास होता.

आजाद केले म्हणजे काय झाले? घरी परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. समुद्र ओलांडून कुठल्या डोंगरात, कुणाकडे जायचे? आई ओळखणार नाही, भाषा विसरलेली, धर्म बदललेला, नाव दुसरेच. हबशी गुलामांपैकी फार थोडे परत गेले असतील. जे सुटले ते इथेच राहिले, इथेच त्यांनी लग्ने केली, दख्खनी तटात सामील झाले. अंबरनेही लग्न केले. बायकोचे नाव करीमा बीबी. पुढे त्याला जी मुले झाली त्यांतल्या एकाचे नाव त्याने चेंगीज ठेवले. ज्याने आपल्याला पैसे मोजून घेतले त्याचे नाव मुलाला. यात कृतज्ञता किती, सवय किती, आणि ज्याला स्वतःच्या वाडवडिलांचे नाव देता येत नाही त्याची अडचण किती, ज्याने त्याने ठरवावे.

बंदिवासातून सुटलेल्या माणसांनी आपली हकीकत लिहून ठेवल्याची उदाहरणे जगात आहेत. त्यातले एक मुसलमान वाचकाला विशेष जवळचे वाटेल. पश्चिम आफ्रिकेतल्या फुता तोरो भागातला उमर इब्न सईद नावाचा आलिम १८०७ साली पकडला गेला आणि जहाजातून अमेरिकेत चार्ल्सटनला नेऊन विकला गेला. १८३१ मध्ये, गुलामीतच असताना, त्याने आपली जीवनकथा अरबीत लिहिली. सुरुवात त्याने सूरह मुल्कने केली, ज्या सूरहत सगळी सत्ता आणि मालकी एका अल्लाहचीच असल्याचे सांगितले आहे. आजूबाजूच्या मालकांना अरबी येत नव्हते, त्यांना त्यातला टोला कळला नसावा. १८६४ मध्ये तो गेला, गुलाम म्हणूनच. त्याची ती पाने आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

अंबर लिहिता वाचता होता. हाताखाली मुन्शी होते. पण त्याने आपल्यावर काय गुजरले याचे एक पानही मागे ठेवले नाही. त्याच्याविषयी लिहिले ते त्याच्या शत्रूंनी. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात, तुजुकमध्ये, अंबर पुन्हा पुन्हा येतो आणि जवळजवळ दरवेळी त्याच्या नावाआधी काळ्या रंगावरून किंवा कमनशिबावरून एक शिवी येते. म्हणजे आत्मचरित्र आहे, त्यात अंबरही आहे, फक्त ते दुसऱ्याचे आहे.

सुटकेनंतरची वीस वर्षे झटपट सांगता येतील. तलवार भाड्याने देत तो विजापूरला गेला. मलिक हा किताब तिथलाच. मग १५९५ च्या सुमारास १५० स्वारांसह तो निजामशाहीत परतला. मोगल तेव्हा अहमदनगरच्या दाराशी आले होते. चांदबीबीने किल्ला लढवला, पण शेवटी आपल्याच लोकांच्या हातून ती मारली गेली आणि १६०० साली किल्ला पडला. लहानगा बहादूर निजामशहा मोगलांच्या हाती लागला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद झाला. त्या पोराचे पुढचे आयुष्य तिथेच गेले.

आणि इथे आपला मुलूख येतो. अहमदनगर गेले तेव्हा अंबरने निजामशाही घराण्यातल्या एका वीस वर्षांच्या तरुणाला शोधून काढले, दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसवले आणि राजधानी केली परांड्याला. बार्शीवरून परांड्याला जाणारे आपण, तो किल्ला पाहतो, तोफा पाहतो आणि परत येतो. ज्या वर्षी मोगलांनी निजामशाही संपली असे मानले, त्या वर्षी ती तिथून पुन्हा सुरू झाली, एका विकल्या गेलेल्या हबशाच्या जिद्दीवर. अंबरने आपली मुलगीही या सुलतानाला दिली. पुढे राजधानी जुन्नरला आणि मग दौलताबादला गेली.

१६१० साली जे घडले ते मात्र झटपट सांगून चालणार नाही. सुलतानाची थोरली बेगम इराणी वंशाची होती. महालात तिचे आणि अंबरच्या मुलीचे भांडण झाले. बायकांची भांडणे महालात होत असतातच. पण बेगमेने तिला गुलामाची पोर म्हणून हिणवले, दासी म्हटले आणि बापाचाही उद्धार केला. मुलीने ते बापाला सांगितले. अंबर तेव्हा साठीच्या पुढे गेलेला होता. राज्य त्याच्या मुठीत, फौज त्याच्या हुकमात. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी त्याच वर्षी त्याच्या फौजेत सुमारे १०,००० हबशी आणि ४०,००० दख्खनी असल्याचे नोंदवतो. आजाद होऊन पस्तीस वर्षे झाली होती. तरी त्या एका शब्दाने सगळी वर्षे पुसली. अंबरने बेगमेला आणि सुलतानाला, स्वतःच्या जावयाला, दोघांनाही विष घालून मारवले आणि पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले.

या कृत्याचे समर्थन होत नाही. आपल्याकडे थोर माणसांचे लेख लिहिताना असल्या गोष्टी वगळण्याची पद्धत आहे. राजकारणही त्यात होते. तो सुलतान अंबरच्या विरोधात कारस्थाने करू लागला होता. पण ठिणगी पडली ती राजकारणाची नव्हती. ज्याच्या धन्याला विषाने मारले त्याने आपल्या धन्याला विषाने मारले. आणि जावयाबरोबर आपल्या मुलीचेही कुंकू पुसले, असे मराठीत म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट तितकीच कडू. अंबरच्या त्या १०,००० हबशांत विकत घेतलेले गुलामही होते. तो त्यांना कुराण शिकवायचा, लढाई शिकवायचा, चांगले वागवायचा, बढती द्यायचा. जसे मीर कासीमने त्याला वागवले तसेच. पण बाजार बंद करावा असे त्याला सुचल्याचे कुठे दिसत नाही. ज्या मोखाच्या बाजारात तो उभा राहिला त्याच वाटेने त्याच्या फौजेत माणसे येत राहिली.

मोगलांना त्याने वीसहून अधिक वर्षे दख्खनच्या उंबरठ्यावर अडवून धरले. मराठा सरदारांच्या हलक्या घोडदळाची त्याला पारख होती. मालोजीराजे भोसले आणि त्यांचे बंधू विठोजी, पुढे शहाजीराजे हे निजामशाहीतून त्याच्याबरोबर लढले. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, समोरासमोर उभे राहायचे नाही. जहांगीर इतका चिडला की त्याचा चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले: बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात जहांगीरच्या हाती ते मुंडके कधीच लागले नाही.

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि विजापूरकर या दोघांच्या फौजा त्याच्यावर चालून आल्या. पावसाळा नुकताच सरला होता. अंबरने भातवडीच्या तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, रसद तोडली आणि मग घाव घातला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत कामी आले. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात या लढाईचे वर्णन आहे आणि अंबरचा उल्लेख तिथे मानाने होतो.

त्या विजयाच्या जोरावर तो विजापुरावर चालून गेला आणि परतताना त्याने सोलापूरचा भुईकोट घेतला. या किल्ल्याचे दुखणे जुने. चांदबीबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले तेव्हा सोलापूर तिच्याबरोबर आंदण म्हणून गेले होते, आणि त्याच्याही आधीपासून दोन्ही सुलतान्या त्यावरून भांडत होत्या. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने संध्याकाळी फिरताना तटबंदीकडे पाहिले तर आठवावे, सत्तरी ओलांडलेला अंबर याच दरवाजासमोर घोड्यावर होता.

त्याच्या कारभाराची आठवण मराठी गावांनी जास्त जपली. महसुलाचे ठेके बंद करून त्याने जमिनीची प्रतवारी केली, पीक पाहून सारा ठरवला. मलिकंबरी हा शब्द खेड्यापाड्यांत कितीतरी पिढ्या चालत राहिला. १६१० साली त्याने खडकी हे गाव वसवले, तेच आजचे औरंगाबाद म्हणजे छत्रपती संभाजीनगर. डोंगराच्या पोटातले झरे भुयारी नहरींतून त्याने शहरात आणले. नहर-ए-अंबरीचे पाणी विसाव्या शतकातही लोक भरत होते.

मे १६२६ मध्ये तो गेला. हिजरी सन १०३५, महिना शाबान, रमजान तोंडावर आलेला. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. मोगल दरबाराचा इतिहासकार मुतमद खान, ज्याच्या धन्याने आयुष्यभर अंबरला शिव्या घातल्या, त्याने इकबालनाम्यात त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची, शहाणपणाची आणि कारभाराची मोकळ्या मनाने तारीफ केली आणि एवढ्या उंचीला पोहोचलेला दुसरा हबशी गुलाम इतिहासाला माहीत नाही असा अभिप्राय दिला. तारीफ करतानाही गुलाम हा शब्द सुटला नाही.

खुलताबादला सूफी संतांच्या दर्ग्यांच्या परिसरात त्याचा मकबरा आहे, स्वतः जिवंतपणी बांधून घेतलेला. जवळच करीमा बीबीचा. थोरला मुलगा फतेह खान सात वर्षांत दौलताबाद मोगलांच्या हवाली करून लाहोरला पेन्शनवर निघून गेला, धाकटा चेंगीजही मोगलांच्या चाकरीत शिरला, शेवटच्या बालसुलतानाला ग्वाल्हेरच्या त्याच कैदखान्यात पाठवण्यात आले, आणि १६३६ च्या तहात परांडा आणि सोलापूर दोन्ही किल्ले विजापूरकरांकडे गेले.